हेल्थ वाढवली म्हणजे गेम कठीण झाला?

दादर-परळच्या गेमिंग कॅफेंत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: सर्व्हायव्हल गेम कठीण करायचा तर शत्रूची हेल्थ, म्हणजे मार सोसायची ताकद, वाढवा. साफ चूक. त्यानं फक्त बटणं जास्त वेळ बडवावी लागतात. ‘माइनक्राफ्ट’च्या हार्ड मोडमध्ये मार जास्त बसतो खरा, पण झॉम्बी लाकडी दारही फोडू शकतो आणि उपासमारीनं जीव जातो, नॉर्मल मोडला ती अर्ध्या हार्टवर (हार्ट म्हणजे उरलेला जीव मोजायची खूण) थांबते. मग दार कशाचं लावायचं, आधी शेती की खाणकाम, सगळंच बदलतं. ‘द लाँग डार्क’ या गेमच्या इंटरलोपर या कठीण पातळीत तर बंदूक मिळतच नाही. चाकू हवा? भट्टी गाठा, स्वतः घडवा. तोवर लांडगा दिसला की वाट बदला. नुसती हेल्थ दुप्पट करणं हा निव्वळ आळशीपणा. पोरं त्यालाच ‘खतरनाक’ म्हणतात, म्हणोत बापडी.