यंत्रकामगारांचं वाचनालय, दगडी गॉथिक थाटात

मुंबईच्या काळा घोडा भागातलं डेव्हिड ससून ग्रंथालय बहुतेकांना एका धनाढ्य व्यापाऱ्याची देणगी म्हणून माहीत आहे. संस्थेची सुरुवात मात्र ससूननी केलेली नाही. सरकारी टांकसाळ आणि गोदीत काम करणाऱ्या यंत्रज्ञ मंडळींनी १८४७ मध्ये मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट काढली. दिवसभर कारखान्यात राबणाऱ्यांना संध्याकाळी पुस्तकं वाचता यावीत, तांत्रिक विषयांवरची व्याख्यानं ऐकता यावीत, अशा संस्थांची त्या काळी इंग्लंडमध्ये लाट होती. तीच इथेही आली. मालकीची वास्तू मिळायला मात्र वीसहून अधिक वर्षं गेली.

त्यासाठी आधी शहराला कात टाकावी लागली. १८६२ मध्ये गव्हर्नर झालेल्या बार्टल फ्रिअरने फोर्टची तटबंदी पाडायला घेतली. भिंत गेली आणि मैदानाच्या कडेने बांधकामाला मोक्याची जागा मोकळी झाली. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता, त्यामुळे मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे पैशाचा पूर आला. बगदादहून परागंदा होऊन मुंबईत स्थिरावलेल्या डेव्हिड ससून यांची पेढी आधीच बलाढ्य होती. अफूच्या व्यापाराचा त्यात मोठा वाटा होता, आणि त्यांच्या दानधर्माबद्दल बोलताना हे वगळून चालणार नाही. सुमारे सव्वा लाख रुपये खर्चापैकी ६० हजार ससूननी दिले, बाकीचे सरकारने घातले. इमारत पाहायला ते राहिले नाहीत, १८६४ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. बांधकाम १८७० मध्ये पुरं झालं.

आराखडा कॅम्बेल आणि गॉस्लिंग या वास्तुविशारदांचा. शैली व्हेनेशियन गॉथिक, म्हणजे टोकदार कमानी, कोरीव स्तंभशीर्षं आणि रस्त्याच्या बाजूला कमानींची रांग. दगड मालाडचा, पिवळसर. मुंबईचा नेहमीचा काळा पाषाण कोरीव कामाला फार चिवट, शिवाय अशा कमानींवर तो उदास दिसला असता. शेजारी नंतर झालेल्या एल्फिन्स्टन कॉलेज आणि आर्मी अँड नेव्ही बिल्डिंगलाही हाच दगड आहे, म्हणून ही सगळी ओळ एका घरातली वाटते. इमारतीत ससून यांचा संगमरवरी पूर्णाकृती पुतळा आहे, पायघोळ झगा आणि पागोटं घातलेला. तो थॉमस वूल्नर या इंग्रज शिल्पकाराने घडवला.

मला गंमत वाटते ती या जागेच्या शेजाराची. याच ओळीत, त्याच काळात, वॉटसन हॉटेल उभं राहिलं. त्याचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतला, जहाजाने इथे आणला आणि जोडला. श्रीमंत पाहुण्यांच्या हॉटेलाला उघडं यंत्रयुग मिळालं आणि खुद्द यंत्रकामगारांच्या संस्थेला मध्ययुगीन व्हेनिसचा दगडी पोशाख! पुढे संस्थेच्या नावातून मेकॅनिक्स हा शब्दही गळाला, ससून तेवढे उरले.

थाट परका असला तरी हवेचं भान इमारतीत आहे. वर्दळीच्या रस्त्यावरचं ऊन आणि पाऊस कमानींआडचा व्हरांडा झेलतो, वाचनाची दालनं त्यामागे राहतात. मागच्या बाजूला बाग आहे. वरच्या व्हरांड्यातल्या लांब हातांच्या आरामखुर्च्यांवर पाय पसरून पेपर वाचणारे, आणि वाचता वाचता डुलकी काढणारे सभासद हा मुंबईकरांच्या ओळखीचा देखावा.

सर्वांत जास्त सोसलं ते छपराने. मूळचं उतरतं छप्पर विसाव्या शतकात काढून वर सपाट काँक्रीटचा स्लॅब टाकला गेला. मुंबईच्या पावसात त्याने काय केलं असेल ते सांगायला नको. गळती लागली, शिवाय जुन्या दगडी भिंतींवर नको तेवढं वजन पडलं. अलीकडच्या जीर्णोद्धारात वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली हा स्लॅब उतरवून पुन्हा उतरतं छप्पर चढवण्यात आलं, आणि २०२३ मध्ये ग्रंथालय नव्याने खुलं झालं.