चार बोल्ट आणि बॅटरीचं ओझं

फोक्सवॅगनच्या बीटल गाडीचं इंजिन मागच्या बाजूला गिअरबॉक्सला फक्त चार बोल्टांनी धरलेलं असतं. ते हवेवर थंड होतं, त्यामुळे रेडिएटर नाही, पाण्याचे पाइप नाहीत. पेट्रोलची नळी, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, थोड्या वायरी सोडवायच्या, खाली जॅक लावायचा आणि इंजिन मागे ओढून बाहेर काढायचं. बीटलच्याच सांगाड्यावर बांधलेली, वाळू-मातीतून धावणारी हलकी गाडी म्हणजे ऑफ-रोड बग्गी. ती विजेवर आणायच्या खटपटी याच सोयीमुळे सुरू झाल्या आणि पुढे कित्येक वर्षं एकाच गोष्टीपाशी अडल्या: वजन.

वजन इतकं महत्त्वाचं का, हे बग्गीच्या जन्मातच आहे. १९६४ साली कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्स यांनी ‘मेयर्स मॅन्क्स’ ही बग्गी बनवली. मेयर्स बोटी बांधणारे, फायबरग्लासवर त्यांचा हात बसलेला. सुरुवातीच्या मोजक्या गाड्यांनंतर त्यांनी सोपी रीत धरली. बीटलची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, मध्येच कापून सुमारे ३६ सेंटिमीटर आखूड करायची आणि वर फायबरग्लासची बॉडी चढवायची. चारही चाकांना ताकद नसताना ही गाडी वाळूतून निघायची, कारण मुळात ती हलकी होती आणि जे वजन होतं ते बहुतेक मागच्या, म्हणजे ढकलणाऱ्या चाकांवर होतं.

१९६७ मध्ये मेयर्स आणि टेड मँगल्स यांनी मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात ला पाझ ते तिहुआना हे अंतर ३४ तास ४५ मिनिटांत कापलं आणि मोटारसायकलचा आधीचा विक्रम पाच तासांहून अधिक फरकाने मोडला. त्याच वर्षी ‘मेक्सिकन १०००’ ही शर्यत सुरू झाली, जिला आज आपण ‘बाहा १०००’ म्हणून ओळखतो. पहिल्या शर्यतीत मँगल्स आणि व्हिक विल्सन मॅन्क्स घेऊन २७ तास ३८ मिनिटांत पोहोचले आणि जिंकले. बग्गी ही शर्यतीची गाडी आहे, हे तिथे ठरलं.

विजेवर चालणारी सर्वांत प्रसिद्ध ऑफ-रोड बग्गी मात्र त्यानंतर चारच वर्षांनी धावली, तीही चंद्रावर. जुलै १९७१ मध्ये अपोलो १५ सोबत गेलेलं ‘लूनर रोव्हिंग व्हेइकल’ पृथ्वीवर मोजलं तर २१० किलोचं होतं. प्रत्येक चाकात पाव अश्वशक्तीची स्वतंत्र मोटर आणि ३६ व्होल्टच्या दोन चांदी-जस्ताच्या बॅटऱ्या, ज्या पुन्हा चार्ज होत नव्हत्या. अपोलो १७ च्या रोव्हरने एकूण सुमारे ३६ किलोमीटर अंतर कापलं. तिथे गुरुत्वाकर्षण सहापट कमी आणि बॅटरी एकदाच वापरायची, तेव्हा गॅरेजमधल्या माणसाला त्यातून फारसं काही उचलता आलं नाही. तरी चाकातल्या मोटरचा तो नमुना मला आजही थक्क करतो.

गॅरेजमध्ये होतं ते शिसं, म्हणजे शिशाची बॅटरी. फोर्कलिफ्टमधली (माल उचलणाऱ्या गाडीतली) डीसी सिरीज मोटर आणि लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्यांची रांग, ही घरगुती रूपांतराची ठरलेली जोडी होती. मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट आणि कपलर बसवावा लागतो, आणि खरं कौशल्य तिथेच लागतं. मोटरचा शाफ्ट गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या अगदी रेषेत हवा. मिलिमीटरच्या काही शतांशांचा फरक राहिला, तरी आधी बारीक घरघर ऐकू येते आणि मग बेअरिंग जातं. शिवाय या मोटरी आतल्या पंख्याने बाहेरची हवा ओढून थंड व्हायच्या. मैदानात त्या हवेबरोबर धूळ आत जायची आणि कार्बन ब्रश व कम्युटेटर, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे भाग, घासून टाकायची.

पण हे सगळं सोसता आलं असतं. सोसवत नव्हतं ते ओझं. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॅट-तास (वीजबिलातली ९ युनिटं) ऊर्जा असते. इंजिन त्यातला पाचवा हिस्सा जरी चाकांपर्यंत पोहोचवत असेल, तर तेवढंच काम करायला विजेच्या गाडीला साधारण २ किलोवॅट-तास लागतात. लेड-अ‍ॅसिडमध्ये किलोमागे ३५ वॅट-तास धरले, तर हिशेब ५५ किलोंच्या पुढे जातो, फक्त एका लिटरसाठी! त्यात जोरात करंट ओढला की ही बॅटरी आपली पूर्ण क्षमता देतच नाही, आणि वाळूत तर सतत जोरच लावावा लागतो. सैल वाळूत चाकाला होणारा विरोध डांबरी रस्त्याच्या दहा-वीस पट असू शकतो. उतारावर ब्रेक लावून वीज परत मिळवण्याची सोयही तिथे तोकडी पडते, कारण पाय काढला की वाळूच गाडी थांबवते. म्हणून शिशाच्या काळातल्या बग्ग्या रस्त्यावर आणि समुद्रकिनाऱ्यावर फिरल्या, शर्यतीत टिकण्याजोग्या नव्हत्या.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली, पण गाडीला पुरेल इतकी ती सामान्य माणसाच्या हाती लागायला आणखी वीसेक वर्षं गेली. माझ्या मते खरा कलाटणीचा क्षण कुठल्याही शर्यतीत आला नाही, तो भंगारच्या आवारात आला. २०१० मध्ये निसान लीफ आणि २०१२ मध्ये टेस्ला मॉडेल एस विकायला लागली, आणि थोड्याच वर्षांत त्यांच्या अपघातग्रस्त गाड्या सुट्या भागांसाठी उपलब्ध झाल्या. लीफच्या २४ किलोवॅट-तासांच्या पॅकमध्ये ४८ मॉड्यूल असतात, ते हवे तसे सुटे करून मांडता येतात. टेस्लाच्या मागच्या ड्राइव्ह युनिटमध्ये मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला हवी तशी बदलणारा भाग) आणि रिडक्शन गिअर (फेरे कमी करून जोर वाढवणारा) एकाच जागी मिळतात, म्हणजे बीटलचा जुना गिअरबॉक्सही काढून टाकता येतो. तो नाहीतरी या मोटरींचा सुरुवातीचा झटका फार काळ पेलत नाही, आतले दात तुटतात. कंपनीच्या कंट्रोलरशिवाय ही युनिट चालवायला हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी स्वतःची सर्किटं आणि सॉफ्टवेअर तयार करून सर्वांसाठी खुली ठेवली. या लोकांचं ऋण मोठं आहे.

शर्यतींनी तीन वेगळ्या वाटा धरल्या. अ‍ॅक्सिओना या स्पॅनिश कंपनीची पूर्ण विजेवरची गाडी २०१५ आणि २०१६ मध्ये डकार ही अनेक दिवसांची लांब पल्ल्याची शर्यत पुरी करू शकली नाही, पण जानेवारी २०१७ मध्ये ब्युनोस आयर्सला शेवटपर्यंत पोहोचली. तिच्यात १५० किलोवॅट-तासांची बॅटरी होती, म्हणजे हलकेपणाचा नाद सोडूनच ती उतरली होती. ऑडीने बॅटरी सुमारे ५२ किलोवॅट-तासांवर ठेवली आणि ती चालता चालता भरायला गाडीतच इंजिन बसवलं. याच आरएस क्यू ई-ट्रॉनमध्ये कार्लोस साइन्झ यांनी २०२४ ची डकार जिंकली. एक्स्ट्रीम ई या विजेवरच्या गाड्यांच्या शर्यतमालिकेने लांब पल्लाच टाळला. एप्रिल २०२१ मध्ये सौदी अरेबियातल्या अल-उला इथे ४०० किलोवॅट ताकदीच्या बग्ग्या छोट्या फेऱ्यांमध्ये धावल्या. त्याच महिन्यात बाहामधल्या सान फेलिपे २५० या शर्यतीत विजेवरचा एक पिकअप उतरला आणि ६०-६५ किलोमीटरवरच थांबला. अंदाजापेक्षा किती तरी जास्त वीज वाळूने खाल्ली होती.

ऑगस्ट २०२२ मध्ये मेयर्स मॅन्क्सचीच विजेवरची आवृत्ती जाहीर झाली. मेयर्स स्वतः २०२१ च्या फेब्रुवारीत गेले होते. २० किलोवॅट-तासांच्या बॅटरीसह तिचं वजन सुमारे ६८० किलो सांगितलं गेलं, आणि ४० किलोवॅट-तासांची बॅटरी घेतली तर जेमतेम ७० किलो जास्त. शिशाच्या जमान्यात ४० किलोवॅट-तासांना हजार किलोंच्या वर नुसत्या बॅटऱ्याच लागल्या असत्या.