जुन्या संगणकावर सॉफ्टवेअर बसत नाही तेव्हा

सेटअप अर्ध्यावर थांबतो, लाल फुलीची चौकट येते आणि आपण घाईने 'ओके' दाबून ती बंद करतो. मग आमच्याकडे फोन येतो, "होत नाहीये." चौकटीत काय लिहिले होते असे विचारले की आठवत नाही. म्हणून पहिली विनंती: ती चौकट लगेच बंद करू नका. अक्षरे नीट वाचता येतील असा तिचा फोटो मोबाइलवर काढा. सॉफ्टवेअर का बसत नाही याचे उत्तर बहुतेक वेळा त्या दोन ओळींतच सापडते, आणि ते उत्तर 'संगणक बदला' असे क्वचितच असते.

आधी तारीख बघा

एका ग्राहकाचा डेस्कटॉप आमच्याकडे आला. सेटअप इंटरनेटवरून फाइल उतरवायला लागला की थांबायचा. घरी दोन दिवस राउटर बंद-चालू करून झाला होता. स्क्रीनच्या कोपऱ्यात तारीख दिसत होती १ जानेवारी २००९. तारीख दुरुस्त केली आणि सेटअप पुढे सरकला.

सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्राला, म्हणजे साइट खरी असल्याच्या डिजिटल दाखल्याला, ठरावीक मुदत असते. संगणक स्वतःला २००९ मध्ये समजत असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून सुरूच झालेले नसते, म्हणून तो जोडणी नाकारतो. प्लग काढल्यावर तारीख दरवेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट-पाटीवरचा) सेल संपला आहे. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर२०३२ असतो, ३ व्होल्टचा, नाण्याएवढा. सेल काढण्यापूर्वी मात्र बायॉसच्या (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगचे फोटो काढून ठेवा. सेल निघाला की ती सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात. हार्ड डिस्कशी बोलण्याच्या एएचसीआय आणि आयडीई अशा दोन पद्धती (मोड) असतात. हा मोड एएचसीआयवरून आयडीईवर किंवा उलटा गेला, तर विंडोज ७ सुरू होताना निळी स्क्रीन येते. अशा वेळी फॉरमॅट मारायची अजिबात गरज नसते, फोटो पाहून तेवढा एक मोड परत लावायचा असतो.

३२ की ६४?

विंडोज ७ मध्ये 'कॉम्प्युटर'वर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. 'सिस्टिम टाइप'समोर ३२-बिट किंवा ६४-बिट लिहिलेले दिसेल. हे विंडोजचे दोन प्रकार आहेत. ३२-बिट विंडोजवर ६४-बिट सॉफ्टवेअर चालतच नाही, त्यावर उपाय शोधत बसू नका. उत्पादकाच्या संकेतस्थळावर ३२-बिट आवृत्ती आहे का ते बघा. तिथे तिला पुष्कळदा 'एक्स८६' म्हटलेले असते. प्रोसेसर ६४-बिटचा असेल तर विंडोज बदलता येते, पण ते आहे त्यावरच अपग्रेड होत नाही, नव्याने टाकावे लागते. त्यामुळे आधी सगळ्या फाइलींचा बॅकअप घ्यायलाच हवा.

'डीएलएल सापडत नाही'

डीएलएल म्हणजे सॉफ्टवेअरला चालायला लागणारी सामायिक फाइल. सर्वांत जास्त नुकसान इथे होते. 'व्हीसीरनटाइम१४० सापडत नाही' असा संदेश आला की लोक त्या नावाची सुटी फाइल शोधतात, कुठल्या तरी अनोळखी साइटवरून उतरवतात आणि सिस्टिमच्या फोल्डरमध्ये टाकतात. कृपया असे करू नका. ती फाइल कोणी बनवली, तिच्यात काय घातले आहे, हे कळायला मार्ग नसतो.

ही फाइल मायक्रोसॉफ्टच्या 'व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल' या मोफत संचातली आहे. संच मायक्रोसॉफ्टकडूनच घ्या. इथे एक चूक नेहमी होते: विंडोज ६४-बिट आहे म्हणून फक्त ६४-बिटचा संच टाकला जातो. पण संच सॉफ्टवेअरप्रमाणे लागतो. सॉफ्टवेअर ३२-बिटचे असेल तर त्याला एक्स८६चाच संच हवा. ६४-बिट विंडोजवर दोन्ही टाकले तरी चालतात, आम्ही दोन्ही टाकतो.

संदेशात 'एपीआय-एमएस-विन-सीआरटी' अशी अक्षरे असतील तर विंडोज ७ चे केबी२९९९२२६ हे अपडेट राहिलेले असते. ड्रायव्हरची (प्रिंटरसारखे उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) डिजिटल सही तपासता येत नाही असे म्हटले असेल, तर एसएचए-२ पद्धतीची सही ओळखणारे २०१९चे अपडेट बघावे लागते. आधी केबी४४९०६२८, मग केबी४४७४४१९, याच क्रमाने. त्याही आधी सर्व्हिस पॅक १, म्हणजे विंडोज ७ च्या अपडेटचा एकत्रित संच, असायला हवा.

थोडक्यात काही

सॉफ्टवेअर डी ड्राइव्हवर टाकत असलात तरी सेटअप आपल्या तात्पुरत्या फाइली सहसा सी ड्राइव्हवर उघडतो, म्हणून सी वर जागा ठेवा. विंडोजमधले तुमचे खाते देवनागरी नावाने असेल तर काही जुने सेटअप त्या फोल्डरचा मार्ग वाचू न शकल्याने अडतात. इंग्रजी अक्षरांतले नवे खाते काढून तिथून करून बघा. १६१८ हा क्रमांक आला तर दुसरे काही तरी इन्स्टॉल होत आहे, ते संपू द्या. ४ जीबीपेक्षा मोठी फाइल पेन ड्राइव्हवर जात नसेल तर ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असण्याची शक्यता मोठी, त्यात एवढी मोठी फाइल मावत नाही.

अँटिव्हायरस बंद करून पुन्हा प्रयत्न करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. आम्ही तो देत नाही. अँटिव्हायरसने फाइल अडवली असेल तर ती फाइल कुठून आणली हे आधी तपासायला हवे.

कुठे थांबावे

विंडोज ७ चा सर्वसाधारण आधार (मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सुरक्षा अपडेट) १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ आहे, त्यापुढची कोणीही बसवून देऊ शकणार नाही. अशा संगणकावर हिशेब, टंकलेखन, छपाई ही कामे खुशाल करा. बँकेचे व्यवहार मात्र त्यावर करू नका, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला आवर्जून सांगतो.

आमच्याकडे येताना संदेशाचा फोटो, 'सिस्टिम टाइप'चा फोटो, सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्ती आणि लायसन्स की सोबत आणा. लॅपटॉप असेल तर चार्जरही.