पाणी कुठे मुरतंय? रिसेल फ्लॅट घेण्याआधी काय पाहायचं

ठाणे आणि नवी मुंबईतल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

एजंट फ्लॅट दाखवायला सहसा दुपारी बोलावतात. लख्ख ऊन असतं, खिडक्या उघड्या असतात, भिंतींना ताजा रंग असतो आणि वीस मिनिटांत सगळं आटोपतं. त्या वीस मिनिटांत किचनच्या ट्रॉल्या आणि टाइल्स दिसतात, घराचं दुखणं दिसत नाही. आपल्याकडे वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि खाडीची खारी हवा बाराही महिने असते. त्यामुळे जुन्या फ्लॅटमधल्या बहुतेक मोठ्या खर्चांचं मूळ पाण्यातच सापडतं. या पत्रकातही भर पाण्यावर आहे, बाकीचं थोडक्यात.

कधी जायचं, काय न्यायचं

किमान दोनदा जा. एकदा सकाळी पाणी यायच्या वेळेला, आणि एकदा जोराचा पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवसांत. जमलं तर घर पावसाळ्यातच पाहा, असा आमचा आग्रह असतो. मे महिन्यात कोरडीठाक दिसणारी भिंत जुलैत वेगळी दिसते. सोबत टॉर्च, मोजपट्टी, एक गोटी आणि फोनचा चार्जर ठेवा. भिंतीला टेकलेलं कपाट किंवा पलंग दोन मिनिटं सरकवायला सांगताना संकोच करू नका.

ओल शोधताना

घरात शिरण्याआधी इमारतीला बाहेरून एक फेरी मारा. आपल्याकडे पावसाची झड नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून बसते. त्या बाजूच्या बाहेरच्या प्लास्टरला भेगा आहेत का, पाइपांच्या सांध्यातून पिंपळ उगवलाय का, ते पाहा. पिंपळाचं रोप वरून कापलं तरी मूळ आत वाढत राहतं आणि सांधा फाकवतं. तुम्ही पाहत असलेल्या फ्लॅटची झडीकडची भिंत डेड वॉल असेल, म्हणजे तिला खिडकी किंवा छज्जा काहीच नसेल, तर आतून ती भिंत तळापासून छतापर्यंत हाताने चाचपा. खिडक्यांच्या खालच्या ग्रॅनाइटच्या पट्टीला उतार बाहेरच्या बाजूला हवा. तो आत असेल तर दर पावसाळ्यात खिडकीखालची भिंत फुगणारच.

घरात शिरल्यावर सगळ्यात आधी बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत पाहा, खासकरून जमिनीपासून दोन फुटांपर्यंत. रंगाचे पोपडे, फुगवटे, पांढरा खार किंवा स्कर्टिंगच्या वरची काळसर रेघ, यातलं काहीही दिसलं तर पाणी मुरतंय असं समजा. कारण असं, की बाथरूमची स्लॅब शेजारच्या खोलीपेक्षा खाली घेतलेली असते. त्या खड्ड्यात वॉटरप्रूफिंग करून विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि वर टाइल्स बसवतात. टाइल्सचे सांधे झिजले किंवा नहाणी ट्रॅपभोवतीचं (पाणी निचरा होण्याच्या जाळीखालच्या भांड्याभोवतीचं) सिमेंट सुटलं, की पाणी कोब्यात साठत जातं. तिथून ते आडवं बेडरूमच्या भिंतीत जातं आणि खाली शेजाऱ्यांच्या छतात उतरतं. म्हणून भिंतीला नुसता रंग किंवा पुट्टी लावून काही होत नाही. नीट काम करायचं तर बाथरूम स्लॅबपर्यंत फोडावं लागतं.

‘नुकतंच रिनोव्हेशन झालंय’ असं सांगितलं, तर बाथरूमच्या उंबऱ्याकडे पाहा. बाथरूमची फरशी बाहेरच्या पॅसेजला समपातळीत किंवा वर आली असेल, तर बहुधा जुन्या टाइलवरच नवी टाइल चिकटवलेली असते. खालचं वॉटरप्रूफिंग जुनंच राहतं. त्यातून उतारही बिघडतो. लांबच्या कोपऱ्यात अर्धी बादली पाणी ओता. ते तुंबून न राहता नहाणीकडे गेलं पाहिजे.

मालकांची परवानगी घेऊन एक चाचणी जरूर करा. नहाणीच्या तोंडात कापडाचा बोळा घट्ट बसवा, बाथरूममध्ये इंचभर पाणी साठवा आणि चोवीस तास तसंच ठेवा. मग खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत पाहा. उन्हाळ्यात व्यवहार ठरत असेल तर ही चाचणी टाळू नका. खालच्या काकूंना ‘वरून ओल येते का हो?’ असं सरळ विचारलं तर बहुतेक वेळा खरं उत्तर मिळतं. हे विचारणं तुमच्या खिशाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे तिच्या कारभाराच्या नमुना नियमांनुसार, टॉयलेट, सिंक अशा घरातल्या गळतीची दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करायची असते. म्हणजे फ्लॅटबरोबर तुम्ही खालच्यांची गळतीही विकत घेता. गच्चीतून येणारं पावसाचं पाणी आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती मात्र सोसायटीने दुरुस्त करायची असते.

पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर एखादा गोल दिवा खाली काढायला सांगा आणि त्या भोकातून टॉर्च मारून वरची स्लॅब पाहा. गळकं छत झाकायला याहून सोपा उपाय नसतो. शेवटच्या मजल्याचा फ्लॅट असेल तर गच्चीची किल्ली मागा. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर ती कोणत्या वर्षी आणि का घातली ते विचारा. शेडमुळे पाऊस अडतो, पण त्याआधी स्लॅबमध्ये जे पाणी मुरलं त्याने सळ्यांचं जे केलं ते तसंच राहतं.

काँक्रीट आणि भेगा

पार्किंगमध्ये उभं राहून वर पाहा. घरातले बीम आणि कॉलम रंगलेले असतात, स्टिल्टमधले, म्हणजे इमारतीखालच्या खांबांवरच्या मोकळ्या पार्किंगमधले, सहसा जसेच्या तसे दिसतात. सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो आणि वरचं काँक्रीट आतून ढकलतो. आधी सळईच्या रेषेत सरळ भेग पडते, मग तांबूस डाग येतो, शेवटी ढलपा सुटतो. त्यामुळे कॉलमच्या कडेने जाणारी उभी भेग किंवा बीमच्या तळाशी असलेली आडवी भेग गंभीर माना, केसाएवढी असली तरी. प्लास्टरवरच्या जाळीसारख्या बारीक भेगा आणि बीम-भिंतीच्या सांध्यावरची आडवी रेघ मात्र बहुतेक जुन्या घरांत असते, तेवढ्यावरून घर नाकारू नका. छतावर बोटाच्या पेरांनी ठोकत जा. एकाच जागी बद्द आवाज आला तर तिथलं प्लास्टर सुटलेलं आहे.

हॉलमध्ये सामावून घेतलेली बाल्कनी आणि बंद केलेलं फ्लॉवर बेड (खिडकीबाहेरची कुंड्यांची जागा) यांची वेगळी चौकशी करा. फ्लॉवर बेडची स्लॅब कपाट आणि माणसांच्या वजनासाठी केलेली नसते. मंजूर नकाशात हे नसेल तर बांधकाम अनधिकृत ठरतं आणि महापालिकेची नोटीस नव्या मालकाच्या नावाने येते.

तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करणं कायद्याने बंधनकारक आहे. ठाण्यात नौपाडा, चरई आणि नवी मुंबईत वाशी, नेरूळच्या जुन्या सेक्टरांत अशा इमारती भरपूर आहेत. ‘ऑडिट झालंय’ एवढ्यावर थांबू नका, अहवालाची प्रत मागा आणि वर्ग पाहा. सी-१ म्हणजे इमारत अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ काम.

नळ आणि वीज

घोडबंदर रोडच्या बऱ्याच सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर असतात. तिथे घर पाहत असाल तर एप्रिल-मेची टँकरची बिलं कमिटीकडे मागा, त्यावरून मेंटेनन्स कुठे जाणार ते कळेल. सकाळचा पहिला नळ सोडा. तांबूस पाणी आलं तर आत गंजलेले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आहेत. टाकीच्या पाण्याला दर १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब मिळतो. त्यामुळे शेवटच्या मजल्यावर टाकी जेमतेम ४ मीटर वर असेल तर शॉवरला ०.४ बारच मिळणार, आणि प्रेशर पंपाचा खर्च धरूनच भाव करावा लागेल. पंधरा लिटरची बादली दीड मिनिटात भरली तर प्रवाह बरा समजा.

विजेच्या बोर्डात एमसीबीसोबत (जादा भार आल्यावर वीज तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (गळणाऱ्या विजेचा शॉक बसण्याआधी वीज तोडणारा स्विच) आहे का ते पाहा आणि त्याचं टेस्टचं बटण दाबा. लाइट लगेच गेले पाहिजेत. गिझर असलेल्या घरात ही गोष्ट जिवाशी संबंधित आहे. चार्जर घेऊन प्रत्येक सॉकेट तपासा. चार्जरने अर्थिंग कळत नाही, ते वायरमनकडून पाहून घ्या. एसी बसवायचे असतील तर वीजबिलावरचा मंजूर भारही वाचा. गोटी टाइल्सवर ठेवा, ती सगळ्या खोल्यांत एकाच दिशेला पळत असेल तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कागद

कागदांची पूर्ण तपासणी वकिलाचं काम आहे. पण टोकन देण्याआधी पाच गोष्टी स्वतः पाहता येतात.

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, आधी पाहा. दिवा, मुंब्रा, दिघा या भागांत आणि नवी मुंबईच्या गावठाणांत ओसी नसलेल्या इमारती पुष्कळ आहेत, आणि किंमत कमी असण्याचं कारण बहुधा तेच असतं. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली. ओसी नसेल तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: घेऊ नका.

नवी मुंबईत जमीन सिडकोने ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते. तिथे सोसायटीबरोबर सिडकोकडेही हस्तांतर करावं लागतं. त्याचं शुल्क कोण भरणार ते बोलणीतच ठरवा. मागच्या मालकांपैकी कुणी ते हस्तांतर केलं नसेल तर मालकीची साखळी तिथेच तुटते.

क्षेत्रफळ स्वतः मोजा. जुन्या करारांत बिल्ट-अप (भिंतींसकट) लिहिलेलं असतं आणि भाव कार्पेटचा (भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेचा) सांगितला जातो. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट.

सोसायटीकडून थकबाकी नसल्याचं पत्र आणि गेल्या दोन वार्षिक सभांची इतिवृत्तं मागा. मोठ्या दुरुस्तीचा ठराव झाला असेल तर पुढची वर्गणी तुमच्याकडून घेतली जाईल. हस्तांतरणाचं प्रीमियम उपविधींनुसार २५,००० रुपयांहून जास्त घेता येत नाही. ‘देणगी’ म्हणून त्यावर मागितलं तर पावतीचा आग्रह धरा.

पार्किंगसाठी सोसायटीचं वाटपपत्र पाहा. बिल्डरने ‘विकलेल्या’ स्टिल्ट पार्किंगवर विसंबू नका. अशी विक्री करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं आहे.

आमच्याकडून पाहणी करून घ्यायची असेल तर

पाहणीच्या दोन दिवस आधी इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा खरेदीचा उतारा), मंजूर नकाशा, ऑडिटचा अहवाल आणि ताजं वीजबिल यांच्या प्रती पाठवा. दोन बेडरूमच्या फ्लॅटला साधारण अडीच तास लागतात, त्यात ओलावा मापकाने भिंतींची नोंद आणि प्रत्येक सॉकेटची तपासणी येते. मालकांना आदल्या दिवशी गिझर चालू ठेवायला, गच्चीची किल्ली वॉचमनकडून आणून ठेवायला आणि खालच्या शेजाऱ्यांना कल्पना द्यायला सांगा. यातलं एखादं राहून गेलं तर पुन्हा यावं लागतं.