खासगी मार्गदर्शित पायी शहरफेरी

एखाद्या शहराची चांगली जाण असलेल्या मार्गदर्शकाला ठरावीक मोबदला देऊन, केवळ आपल्यापुरती किंवा आपल्यासोबतच्या मंडळींपुरती ठरवलेली आणि पायी चालत केलेली फेरी म्हणजे खासगी मार्गदर्शित शहरफेरी. मराठीत तिला ‘पदफेरी’ किंवा नुसतेच ‘वॉक’ असेही म्हटले जाते. ‘वारसा फेरी’ किंवा ‘हेरिटेज वॉक’ हे शब्द मात्र बहुधा कोणालाही नाव नोंदवून येता येईल अशा सामूहिक फेरीसाठी वापरले जातात. सामूहिक फेरीत मार्ग, वेळ आणि बोलणे आधीच ठरलेले असते व एकमेकांना अनोळखी असलेली माणसे त्यात येऊन मिसळतात; खासगी फेरीत या तिन्ही गोष्टी ऐन वेळी बदलता येतात. हा फरक दिसतो तेवढा लहान नाही. माहिती पुस्तकात मिळते आणि फोनवरही मिळते. खासगी फेरीत पैसे मोजायचे ते मुख्यतः बोलणाऱ्याला मध्येच थांबवून आपला प्रश्न विचारण्याच्या मुभेसाठी.

ही मुभा नसली म्हणजे काय होते, याविषयीची तक्रार फार जुनी आहे. ग्रीक लेखक प्लुटार्क हा डेल्फीच्या मंदिरात पुजारी होता. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या या लेखकाने आपल्या एका संवादात तेथील मार्गदर्शकांचे जे चित्र रेखाटले आहे, ते आजही ओळखीचे वाटावे असे आहे : पाहुणे ‘आवरते घ्या, सगळे शिलालेख वाचू नका’ म्हणून विनवत असतात आणि मार्गदर्शक आपले पाठ केलेले बोलणे शेवटपर्यंत म्हणत राहतात. दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनियस याने ग्रीसमधील आर्गोस येथील मार्गदर्शकांविषयी लिहिले आहे की, आपण सांगतो ते सगळेच खरे नाही हे त्यांना ठाऊक आहे, तरीही ते तेच सांगतात, कारण लोकांचे पक्के झालेले मत बदलणे सोपे नसते. त्याही आधी, इ. स. पू. पाचव्या शतकात, ग्रीक इतिहासकार हेरोडोटसला इजिप्तमधील गीझाच्या मोठ्या पिरॅमिडपाशी दुभाषाने एक लेख ‘वाचून’ दाखवला होता : कामगारांना दिलेल्या मुळ्या, कांदे व लसूण यांवर १,६०० टॅलेंट (वजनाचे जुने माप) चांदी खर्च झाली, असे म्हणे त्यात कोरले होते. दुभाषाला ती लिपी खरोखर येत होती की नाही, हा प्रश्न तेव्हापासून या व्यवसायाला चिकटलेला आहे.

खासगी फेरीला आजचे रूप येण्याची सुरुवात युरोपात अठराव्या शतकात झाली. शिक्षणाचा शेवटचा टप्पा म्हणून इटलीचा लांबचा प्रवास करणारे श्रीमंत तरुण रोममध्ये एखादा पुरातत्त्वज्ञ दिमतीला घेत. अशा मार्गदर्शकाला ‘चिचेरोने’ म्हणत. रोमन वक्ता सिसेरो याच्या नावावरून आलेल्या या शब्दात विद्वत्तेचे कौतुक किती आणि बडबडीची थट्टा किती, हे ऐकणाऱ्याने ठरवावे. कलेतिहासाचा पाया घालणारा जर्मन अभ्यासक योहान योआखिम विंकेलमान, जो १७६३ पासून रोममधील पुरावशेषांचा अधिकृत प्रमुख होता, तोही मान्यवर पाहुण्यांना घेऊन फिरत असे. १७६४ मध्ये इतिहासकार एडवर्ड गिबन रोमला आला तेव्हा जेम्स बायर्स हा स्कॉटिश जाणकार त्याच्याबरोबर होता, आणि दोघांची ही पाहणी अठरा आठवडे रोजच्या रोज चालली. लक्ष अधूनमधून थकून जात असे, अशी कबुली गिबननेच दिली आहे. सर्वांत थोर म्हणावी अशी ही खासगी फेरीही, म्हणजे, दमवणारीच होती.

एकोणिसाव्या शतकात छापील मार्गदर्शिकांनी या धंद्याला मोठा धक्का दिला. लंडनमध्ये जॉन मरे यांनी १८३६ मध्ये युरोप खंडाच्या प्रवासाची हस्तपुस्तिका काढली आणि जर्मनीत कार्ल बेडेकर यांनी त्याच सुमारास आपली मालिका सुरू केली. प्रवाशाला भाड्याच्या वाटाड्यांवर अवलंबून राहावे लागू नये, हा बेडेकरांचा उघड हेतू होता. पुढे १९५२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात कानाला लावून ऐकायचे ध्वनिमार्गदर्शक यंत्र आले. प्रत्येक वेळी मार्गदर्शकाची गरज संपली असे वाटले आणि प्रत्येक वेळी ती वेगळ्या रूपात उरली. पुस्तक आणि यंत्र दोन्ही बोलतात, पण समोरच्याच्या चेहऱ्यावरचा कंटाळा दोघांनाही दिसत नाही.

खासगी फेरीचे निम्मे काम ती सुरू होण्याआधी झालेले असते. चांगला मार्गदर्शक नोंदणीच्या वेळीच चौकशी करतो : किती जण, वये काय, कोणाचे गुडघे दुखतात, चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी बरोबर आहे का, शहरात पूर्वी येऊन गेला आहात का, आणि मुख्य म्हणजे नेमके काय पाहायचे आहे. ‘सगळे पाहायचे आहे’ हे या शेवटच्या प्रश्नाचे सर्वांत निरुपयोगी उत्तर होय, कारण त्यातून मिळते ती सामूहिक फेरीच, फक्त जास्त पैशांत. याउलट, आजोबा लहानपणी ज्या रस्त्यावर राहत तो रस्ता पाहायचा आहे, किंवा शहराला पाणी कोठून येत असे ते समजून घ्यायचे आहे, किंवा दहा वर्षांच्या मुलीला किल्ले आवडतात आणि चर्च आवडत नाहीत, एवढे सांगितले तरी मार्ग बदलतो.

साधारण माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो, पण फेरीत हा हिशेब लागू पडत नाही. दोन ते तीन तासांच्या फेरीत प्रत्यक्ष अंतर दोन ते चार किलोमीटरच भरते; उरलेला वेळ उभे राहण्यात जातो आणि थकवाही चालण्यापेक्षा त्यानेच जास्त येतो. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातील बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी १९१६ मध्ये ‘संग्रहालयाचा शिणवटा’ हा विषय मांडला, तेव्हा वस्तू पाहण्यासाठी प्रेक्षकाला किती वाकावे, वळावे आणि मान वर करावी लागते, हे त्यांनी छायाचित्रांनी दाखवले होते. रस्त्यावर त्याच्या जोडीला ऊन, गोंगाट आणि वाहने असतात. म्हणून अनुभवी मार्गदर्शकाचा नकाशा वास्तूंचा असतो तेवढाच सावलीचा, बसायच्या कठड्यांचा आणि स्वच्छतागृहांचाही असतो, आणि तोच चौक सकाळी कोणत्या बाजूने दाखवायचा व दुपारी कोणत्या, हे त्याचे ठरलेले असते.

थांब्यावर काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. मार्गदर्शक स्वतः सूर्याकडे तोंड करून उभा राहतो, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांवर ऊन येत नाही. त्यांची पाठ रहदारीकडे न ठेवता भिंतीकडे ठेवतो. आणि बोलण्याआधी काही क्षण गप्प राहतो, कारण नवी जागा दिसली की माणूस आधी पाहतो आणि मग ऐकतो. जुने छायाचित्र दाखवायचे असेल तर तो पाहुण्याला दोन पावले मागे घेतो, कधी डावीकडे सरकवतो, आणि पूर्वीचा छायाचित्रकार जेथे उभा होता तेथेच आणून उभा करतो. मग हातातल्या कागदावरचे छत आणि समोरचे छत एकमेकांना जुळते, आणि मधल्या काळात काय पाडले गेले ते न सांगताच कळते.

रस्त्यावरच्या बारीकसारीक खुणा हे या फेरीचे खरे भांडवल. लंडनमधील काही जुन्या घरांच्या दाराशी लोखंडी शंकू दिसतात. रस्त्यांवर दिवे नव्हते तेव्हा पैसे घेऊन वाट दाखवणारी मुले मशाल त्यात खुपसून विझवत. त्याअर्थी तीही एक प्रकारे शहरातील मार्गदर्शकच होती. ब्रिटनमध्ये १६९६ ते १८५१ या काळात खिडक्यांवर कर होता, आणि विटांनी बुजवलेल्या काही खिडक्यांमागे तो कर असतो. काहींमागे मात्र नसतो, कारण दर्शनी भागाचा तोल साधण्यासाठी मुळातच आंधळ्या खिडक्या बांधण्याचीही पद्धत होती. बर्लिनमध्ये डांबरी रस्त्यातून धावणारी दगडांची दुहेरी ओळ म्हणजे पाडलेल्या भिंतीची जागा. नाझी छळाच्या बळींच्या शेवटच्या राहत्या घरांसमोर कलाकार गुंटर डेमनिग यांनी पदपथात बसवण्यास सुरुवात केलेल्या पितळी पट्ट्या जेमतेम दहा सेंटिमीटरच्या असतात. त्यांवरचे नाव वाचायचे तर वाकावेच लागते, आणि तीसजणांच्या घोळक्याला एका पट्टीभोवती एकदम वाकता येत नाही.

मात्र श्रोते जितके कमी, तितके चूक पकडणारेही कमी. ही खासगी फेरीची सर्वांत मोठी उणीव म्हटली पाहिजे. पाहुण्याला खूश करण्याची इच्छा, बक्षिसीची अपेक्षा आणि रंगलेली गोष्ट यांच्यापुढे खरेखोटेपणा मागे पडू शकतो. अश्वारूढ पुतळ्यातील घोड्याचा एक पुढचा पाय उचललेला असेल तर स्वार जखमी झाला होता, दोन्ही उचललेले असतील तर तो रणात पडला, हा ‘नियम’ अनेक देशांत सांगितला जातो. तसा नियम शिल्पकारांनी पाळलेला नाही, आणि जुळणारी उदाहरणे केवळ योगायोगाची आहेत. काही खोट्या गोष्टी इतक्या निरुपद्रवी नसतात. बार्सिलोनातील सांत फेलिप नेरी चौकात चर्चच्या भिंतीवर खोल व्रण आहेत. ते ३० जानेवारी १९३८ च्या हवाई बॉम्बहल्ल्याचे आहेत, ज्यात ४२ जण दगावले आणि त्यांत बहुतेक मुले होती. स्पेनमधील यादवी युद्ध संपल्यानंतर मात्र, हे व्रण युद्धात हरलेल्या पक्षाने लोकांना भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्याचे आहेत, अशी कथा पसरवली गेली. त्या भिंतीसमोर काय सांगितले जाते यावरून मार्गदर्शकाची पारख करता येते. ‘हे नक्की ठाऊक आहे, हे लोक सांगतात, आणि हे मला माहीत नाही’ असे तीन वेगवेगळे सूर ज्याच्या बोलण्यात येतात, तो मार्गदर्शक विश्वासाचा समजावा.

ही पारख सरकारने करावी की ग्राहकाने, याबाबत देशोदेशींची भूमिका वेगळी आहे. ब्रिटनमध्ये रस्त्यावर फेरी नेण्यासाठी परवाना लागत नाही. तेथील ‘ब्लू बॅज’ हे परीक्षा देऊन मिळवलेल्या पात्रतेचे चिन्ह आहे, सक्तीची अट नव्हे. जपानने १९४९ च्या कायद्याने परकीयांना मोबदला घेऊन मार्गदर्शन करण्याचा अधिकार परवानाधारक दुभाषी मार्गदर्शकांपुरता ठेवला होता; २०१८ मध्ये ते काम सर्वांना खुले झाले आणि परवानाधारकांकडे केवळ त्या नावाचा हक्क उरला. इटलीने उलट २०२३ मध्ये नवा कायदा करून राष्ट्रीय परीक्षेची वाट धरली. मार्गदर्शकांच्या संघटनांचा जागतिक महासंघ १९८५ मध्ये स्थापन झाला आणि २१ फेब्रुवारी हा दिवस जगभर मार्गदर्शकांचा दिवस म्हणून पाळला जातो.

मोबदला बहुधा माणशी न ठरता फेरीमागे किंवा तासांवर ठरतो. त्यामुळे एकट्या प्रवाशाला ही फेरी महाग पडते आणि सहाजणांच्या कुटुंबाला तीच परवडते. प्रवेशशुल्क, वाहनखर्च व बक्षीस त्यात धरले आहे की नाही, पावसात फेरी होणार की नाही आणि आयत्या वेळी रद्द केल्यास किती पैसे परत मिळणार, हे आधीच लेखी ठरवून घेतलेले बरे. ज्यांना एवढा खर्च नको, त्यांच्यासाठी स्वयंसेवकांचा पर्याय आहे : न्यूयॉर्कमध्ये १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘बिग अ‍ॅपल ग्रीटर’ या उपक्रमात रहिवासी स्वतःच मोजक्या पाहुण्यांना विनामूल्य आपला भाग दाखवू लागले, आणि पुढे अनेक शहरांनी तो उचलला. हे यजमान तज्ज्ञ असल्याचा दावा करत नाहीत. स्वतःच्या गल्लीविषयी मात्र ते एखाद्या परवानाधारकापेक्षा अधिक सांगू शकतात.

फेऱ्यांची गर्दी ही अलीकडच्या काळातील अडचण आहे. अ‍ॅमस्टरडॅमने मध्यवर्ती भागातील गटांना पंधराजणांची मर्यादा घातली आणि २०२० पासून देहविक्रयाच्या खिडक्यांसमोरून फेऱ्या नेण्यास बंदी केली. व्हेनिसने २०२४ मध्ये पंचवीसहून मोठे गट व ध्वनिवर्धक दोन्ही थांबवले. खासगी फेरी या मर्यादांत सहज बसते, आणि म्हणून ती निरुपद्रवी मानली जाते. पण एकाच अरुंद गल्लीतून दिवसभरात चार-चार माणसांचे वीस गट गेले, तर खिडकीमागे राहणाऱ्याला तीच गोष्ट वीस वेळा ऐकावी लागते. अशी गल्ली आली की समंजस मार्गदर्शक जे सांगायचे ते अलीकडच्या मोकळ्या जागेतच सांगून घेतो, कोणत्या दाराकडे नजर टाकायची ते समजावतो, आणि मग सगळे जण न बोलता गल्ली पार करतात.