सम्राट ताइझोंगची सुवचने आली कुठून?

‘काशाचा आरसा समोर धरला की पोशाख नीटनेटका करता येतो, इतिहासाचा धरला की राज्ये कशी उभी राहतात नि कशी बुडतात ते कळते, माणसाचा धरला की आपले काय साधले, काय चुकले ते दिसते.’ चीनच्या तांग वंशाचा सम्राट ताइझोंग हे ६४३ मध्ये बोलला असे इतिहास सांगतो. वेई झेंग हा त्याचा मंत्री नुकताच वारला होता. माझ्या तीन आरशांपैकी एक गेला, असे त्या उद्गाराचे शेवटचे वाक्य आहे.

हा आरसा मुळात शत्रूच्या गोटातला. ६२६ मध्ये राजधानी चांगआनच्या श्वानवू दरवाज्यापाशी ली शिमिनने, म्हणजे पुढच्या ताइझोंगने, आपला थोरला भाऊ युवराज जियानचेंग याला स्वतः बाण मारून ठार केले. धाकटा भाऊ युआनजीही तिथेच मारला गेला आणि दोन महिन्यांत बापाने गादी सोडली. वेई झेंग तेव्हा जियानचेंगच्या पदरी होता आणि ‘शिमिनचा काटा वेळीच काढा’ असा त्याचा सल्ला होता. भावाभावांत कलागती का लावल्यास, असे शिमिनने दरडावून विचारताच तो म्हणाला, ‘युवराजांनी माझे ऐकले असते तर आज ही वेळ आली नसती.’ असल्या माणसाचे डोके उडवायचे सोडून शिमिनने त्याला नोकरीत घेतले. भावाच्या रक्ताने मिळालेल्या गादीवर बसणाऱ्याला ‘हा ऐकून घेणारा राजा आहे’ असे नाव हवेच होते, असे मला वाटते. पण म्हणून ते ऐकून घेणे खोटे ठरत नाही.

त्याचे दुसरे गाजलेले वचन होडीचे: राजा होडी, प्रजा पाणी, पाणी होडी तारते आणि उलथवतेही. ताइझोंगने ते युवराजाला शिकवल्याची नोंद आहे, वेई झेंगनेही दरबारात ते ऐकवले होते, तेही ‘जुने लोक म्हणतात’ असे सांगूनच. हे वाक्य ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातल्या शुन्झी या तत्त्वज्ञाच्या ग्रंथात आहे, आणि तोसुद्धा ते परंपरेने आलेले म्हणूनच देतो. माणसात स्वतःला पाहावे, पाण्यात नव्हे, हा आरशाच्या वचनातला विचारही मोझी या प्राचीन तत्त्वज्ञाच्या ग्रंथात सापडतो. ‘चौफेर ऐकणारा राजा डोळस, एकाचेच ऐकणारा आंधळा’ हे तर उघडउघड वेई झेंगचे उत्तर. ताइझोंगने फक्त प्रश्न विचारला होता. सरकारी नोकरीची परीक्षा उत्तीर्ण होऊन रांगेने बाहेर पडणारे उमेदवार पाहून ‘जगातले सगळे वीर माझ्या बाणाच्या टप्प्यात आले’ असे तो म्हणाला, ही गोष्ट दहाव्या शतकातल्या एका संग्रहातली, म्हणजे त्याच्यानंतर तीनशे वर्षांनी लिहिलेली.

ही वचने एकत्र बांधली वू जिंग या इतिहासलेखक अधिकाऱ्याने, आठव्या शतकाच्या पूर्वार्धात. ‘झेंगुआन झेंगयाओ’ हा त्याचा चाळीस प्रकरणांचा ग्रंथ. झेंगुआन हे ताइझोंगच्या कारकिर्दीचे नाव. मधल्या काळात सम्राज्ञी वू झेत्यानने तांग वंश बाजूला सारून स्वतः राज्य केले होते. गादी पुन्हा तांगांकडे आल्यावर नव्या राजांपुढे आजोबा-पणजोबांचा कित्ता ठेवायचा, या हेतूने वू जिंगने वेचे निवडले. साहजिकच त्यात राजा शहाण्यासारखा बोलतो.

खुद्द ताइझोंगलाही आपल्याबद्दल काय लिहिले जाते याची चिंता होतीच. राजाच्या बोलण्याचालण्याची रोजनिशी राजाने वाचायची नाही, असा दंडक होता. त्याने ती मागितली तेव्हा छू सुइलियांग या नोंदणी-अधिकाऱ्याने नकार दिला. ‘माझे वाईटही लिहितोस?’ यावर ‘ते माझे कामच आहे’ असे उत्तर मिळाले. पुढे मंत्री फांग श्वानलिंगने इतिहासाचा तयार मसुदा त्याला दाखवला. श्वानवू दरवाज्याचा भाग आडपडद्याने लिहिलेला पाहून ‘सरळ लिहा’ असे त्याने सांगितले खरे. पण त्याच दमात, राज्यासाठी भावांना शिक्षा करणाऱ्या प्राचीन झोऊच्या ड्यूकशी स्वतःची तुलनाही करून दिली.

आरशाचे पुढे काय झाले, हे सुविचाराच्या पोस्टरवर नसते. वेई झेंगच्या समाधीवरच्या शिलालेखाचा मजकूर ताइझोंगने स्वतः रचला होता. काही महिन्यांतच वेई झेंगने शिफारस केलेली माणसे राजद्रोहाच्या प्रकरणात अडकली. शिवाय, राजाला आपण काय काय सुनावले याच्या नोंदी त्याने छू सुइलियांगला दाखवल्याचेही कानावर आले. राजाने वेई झेंगच्या मुलाशी ठरलेले राजकन्येचे लग्न मोडले आणि शिळा पाडली. ६४५ मध्ये त्याने कोरियातल्या गोगुर्योवर स्वारी केली. (निघण्यापूर्वी लुओयांगला त्याची भेट झाली ती भारतातून परतलेल्या युआन श्वांग ऊर्फ ह्युएन त्संगशी. पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन ज्या प्रवासग्रंथात येते, तो त्याने ताइझोंगच्याच सांगण्यावरून सिद्ध केला.) आन्सीचा किल्ला काही पडेना, थंडी आली, सैन्य मागे फिरले. ‘वेई झेंग असता तर त्याने मला ही मोहीम करू दिली नसती,’ असे म्हणून त्याने शिळा पुन्हा उभी करवली.

वू जिंगचा ग्रंथ मात्र चीनपुरता राहिला नाही. जपानच्या राज्यकर्त्यांनी तो शतकानुशतके वाचला, आणि १६०० मध्ये तोकुगावा इएयासू या पुढे शोगुन (लष्करी सत्ताधीश) झालेल्या सरदाराने फुशिमी इथे तो छापवला. होडीचे वाक्य शुन्झीपेक्षा ताइझोंगच्या नावावर जास्त चालते, त्याला या वाचकवर्गाचाही हातभार लागला आहे.