भाड्याच्या घरावर बँकेची नोटीस लागली तर
(आमच्याकडे भाडेकरार नोंदवणाऱ्या ग्राहकांसाठी)

मालकाचे हप्ते थकले की 2002 च्या सरफेसी कायद्याखाली बँक गहाण घर ताब्यात घेऊन लिलावात काढू शकते. त्यासाठी आधी कोर्टात दावा लावावा लागत नाही. भाडेकरूला बहुतेक वेळा दारावर चिकटवलेला कागद पाहूनच हे पहिल्यांदा कळतं.

तो कागद फाडू नका. तारीख दिसेल असा फोटो काढा आणि कलम पाहा. कलम 13(2) ची नोटीस मालकाला पैसे भरायला 60 दिवस देते; तुम्हाला त्यात कोणी घर सोडायला सांगितलेलं नसतं. कलम 13(4) ची ताबा नोटीस ही पुढची पायरी. ती दारावर लावतात आणि 7 दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापतात. ताबा 'प्रतीकात्मक' असेल तर तो फक्त कागदावरचा. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक सहसा कलम 14 खाली जिल्हाधिकारी किंवा दंडाधिकारी यांचा आदेश मिळवते. 'उद्या खोली खाली करा' म्हणत वसुलीवाला आला तर या आदेशाची प्रत मागा.

तुमचा हक्क किती, हे तीन तारखांवर ठरतं: तुमचा करार, मालकाचं गहाणखत आणि 13(2) ची नोटीस. करार गहाणाच्या आधीचा, वैध आणि अजून चालू असेल तर तुमची बाजू भक्कम. गहाणानंतरचा पण नोटिशीआधीचा असेल तर तो गहाणखताच्या अटींत आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 65अ मध्ये बसावा लागतो: इमारतीसाठी मुदत जास्तीत जास्त 3 वर्षं, आगाऊ भाडं नाही. नोटिशीनंतर बँकेच्या संमतीशिवाय केलेला करार टिकत नाही. करार नोटिशीआधीचा दिसावा म्हणून मागची तारीख घालून करार करून देणारे मालक भेटतात. त्या कागदाने तुमचंच नुकसान होतं.

भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेल्या भाडेकरूला सरफेसीच्या जोरावर थेट बाहेर काढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये म्हटलं. 2019 च्या निकालाने मात्र तोंडी आणि नोंदणी नसलेल्या करारांची वाट अरुंद केली. महाराष्ट्रात करार लेखी आणि नोंदणीकृत असणं 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार सक्तीचं आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे.

आता नावडती गोष्ट. आजकालचे बहुतेक करार 11 महिन्यांचे 'लिव्ह अँड लायसन्स' असतात. त्यात तुम्ही भाडेकरू नसून परवानाधारक असता. घरात तुमचा हितसंबंध तयार होत नाही, आणि घर विकलं गेलं की नवा मालक त्या परवान्याला बांधील नसतो. अशा वेळी भांडण्यापेक्षा बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला लेखी पत्र देऊन सामान हलवायला मुदत मागणं शहाणपणाचं. रिकाम्या घराला लिलावात बोली बरी लागते, म्हणून बँकाही बऱ्याचदा ऐकतात.

खरी भाडेदारी असेल तर सरफेसीच्या कलम 17 खाली कर्ज वसुली न्यायाधिकरणात 45 दिवसांत अर्ज करा. 2016 च्या दुरुस्तीनंतर न्यायाधिकरण भाडेकरूचा दावाही तपासतं. दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागायला गेल्यास सरफेसीचं कलम 34 आड येतं (असे दावे दिवाणी न्यायालय ऐकू शकत नाही) आणि तोवर 45 दिवस निघून जातात; अनेकांचं प्रकरण इथेच फसतं. सोबत नोंदणीकृत करार, भाडं खात्यातून गेल्याच्या नोंदी, सोसायटीचं पत्र, पोलीस पडताळणीची पोच जोडा. रोख दिलेलं आणि पावती नसलेलं भाडं सिद्ध करणं जवळपास अशक्य.

भाडं थांबवू नका, थकबाकी झाली की तोच मुद्दा तुमच्यावर उलटतो. भाडं आपल्याकडे भरा, असं बँकेचं पत्र आलं तर वकिलाला दाखवूनच पैसे वळवा आणि मालकाला लेखी कळवा.

डिपॉझिट मालकाने घेतलेलं असतं, बँकेने नाही. त्यामुळे ते मालकाकडूनच वसूल करावं लागतं, आणि ज्याचे हप्ते थकलेत त्याच्याकडून ते सहजी निघत नाही. 'हेवी डिपॉझिट'वर घर घेण्याआधी म्हणूनच सरसाई (CERSAI, गहाणांची केंद्रीय नोंदवही) च्या संकेतस्थळावर गहाणाची नोंद शोधा, सूची क्रमांक 2 (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा, इंडेक्स-2) काढा आणि सोसायटीकडे बोजाची चौकशी करा. गहाण निघालं तर बँकेचं संमतीपत्र मागा. मालक टाळाटाळ करत असेल तर डिपॉझिट कमी आणि मासिक भाडं जास्त, असा सौदा करा.